आधी खाकरून घे

९ फेब्रुवारी

टिटवे,

आशीर्वाद. मामाचं पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करून पाहिला होता. तुमच्या ऑफिसचा नंबर लावला की आधी तुझाच आवाज येतो, "घरातच राहा, अंतर ठेवा, अफवांवर विश्वास ठेवू नका." मी ओरडतोय, "अगं मी आहे, मामा!" आणि तू आपली पुढे, "हात साबणाने स्वच्छ धुवा." सख्ख्या भाचीने तोंडावर असं दार लावलेलं मला खपत नाही. म्हणून कागद घेतला.

इथे रोज सकाळ-संध्याकाळ भोंग्याची गाडी फिरते आणि तू अख्ख्या गावाला दम देतेस. तुझी आई गाडीचा आवाज आला की हातातलं काम टाकून खिडकीत जाते. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत हलत नाही. मग समोरच्या खिडकीतल्या बाईला सांगते, "माझी मुलगी. ऐकलंत ना?" त्या बाईने ऐकलं नाही असं एकदाही झालेलं नाही, पण ताई विचारल्याशिवाय राहत नाही.

माझा मात्र या प्रकारावर काडीचा विश्वास नाही. कुलपं दुरुस्त करण्यात हयात गेली माझी. बाहेरून कडेकोट दिसणारं कुलूप केसातल्या आकड्याने उघडतं, हे मी रोज बघत आलो. सरकारला एकाएकी आपल्या खोकल्याची एवढी काळजी वाटायला लागली, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. बाजार बंद, ताईचा बाटल्यांचा कारखाना बंद, माझं दुकान बंद. आणि या साथीचा आजारी माणूस मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

तू तरी मला खरं सांग. आठवतंय ना, टाकीजवळची काकू दुपारभर गप्पा मारायला यायची आणि ताई रात्रपाळी करून झोपलेली असायची? 'आई घरी नाही' सांगायला तुला दारात पाठवायचे. खोटं तुझ्या घशात अडकायचं. मग ताईनेच युक्ती शिकवली, "आधी खाकरून घे, मग बोल, म्हणजे अडखळायला होत नाही." पुढे घरात कुणीही खाकरलं की आपण हसायचो, आता थाप येणार म्हणून. त्या खाकरण्यात निदान प्रामाणिकपणा होता. भोंग्यावर तू एकदाही खाकरत नाहीस, म्हणून तर जास्त संशय येतो.

तुझा मामा

१७ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. भोंग्यावर मी खाकरत नाही, कारण खाकरू देत नाहीत. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला बसतो. तो माझा श्वाससुद्धा कापून टाकतो. "आरोग्याची सूचना देणारी बाईच खोकली, तर लोकांनी जायचं कुठे?" असं म्हणतो. माणूस चांगला आहे, फक्त कान फार तिखट.

तुझ्या शंका वाचून आधी हसले, मग हसू आलं नाही. मामा, साथ खरी आहे. आमच्या इमारतीसमोर हॉस्पिटल आहे, मी खिडकीतून रोज बघते. खाटा आता अंगणात लावल्यात. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, म्हणून माणसं बाहेर पायऱ्यांवर बसून असतात. परवा एक माणूस बायकोच्या चपला मांडीवर घेऊन दिवसभर बसला होता. तिला आत नेताना चपला बाहेर राहिल्या असणार. संध्याकाळी तो त्या चपला घेऊनच परत गेला. हे मला कुणी कागदावर लिहून वाचायला दिलेलं नाही.

म्हणून हात जोडते, तुझं शंकासुराचं दुकान थोडे दिवस बंद ठेव. आणि आईला जप. तिचा दमा तुला माहीत आहे. त्यांचा तो पॅकिंगचा हॉल, त्याला एक खिडकी नाही आणि बायका खांद्याला खांदा लावून बसतात. कारखाना बंद आहे तेच बरं आहे.

फोनचं म्हणशील, तर आम्हाला सध्या ऑफिसच्याच इमारतीत राहायला ठेवलंय. सूचना आधी फुटू नये म्हणून मोबाइल दारातच जमा करून घेतात. आठवड्यातून एकदा साहेबांच्या टेबलावरून घरी बोलता येतं. साहेब समोर बसून पेन्सिलीला टोक करत असतात आणि टोक काही केल्या होत नाही. तेव्हा तू लिहीतच जा.

तुझी टिटवी

२ मार्च

टिटवे,

तुझं खरं होतं. आपला न्हावी गेला. माझ्या कानाजवळ जन्मभर कात्री चालवली त्याने, एकदा म्हणून ओरखडा नाही. त्याच्या मुलाने काचेतून हात हलवून मला सांगितलं. मी घरी येऊन दाराला कडी लावली आणि ताईला म्हणालो, "भोंगा सांगतो ते ऐकायचं." ताई म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय." तेव्हापासून माझ्या तोंडावर फडकं असतं. ताई म्हणते, आधीच बांधायला हवं होतं, साथ नसती तरी.

पण जित्याची खोड. दोन गोष्टी विचारतो, रागावू नकोस.

एक, तुझं मागचं पाकीट कुणीतरी उघडून परत चिकटवलंय. डिंक दोनदा ओला झालेला मला कळतो. दुसऱ्याचं कुलूप उघडून बघणारे मी कमी पाहिले नाहीत.

दुसरं, तुझा आवाज. काल तू म्हणालीस, "आपल्या भागातील परिस्थिती आटोक्यात आहे." त्यातली 'परिस्थिती' दमलेली होती आणि 'आटोक्यात' अगदी ताजंतवानं, सकाळी उठून म्हटल्यासारखं. एका किल्लीचा दांडा आणि दुसरीचे दात जोडावेत, तसं वाटलं. अशी किल्ली कुलपात फिरते, पण ती कुणाच्या तरी चोरीच्या कामाची असते. आणि आटोक्यात कशी? आमच्याच रस्त्यावर तीन दारांवर 'आत रुग्ण आहे' अशा चिठ्ठ्या लागल्यात.

कारखाना सुरू होणार अशी कुजबुज आहे. ताईने कामाचा एप्रन धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावलाय. घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आली म्हणते. तू काही जाणतेस का? की तुला बढती मिळाली आणि आता तूही खुर्चीची झालीस?

तुझा मामा

८ मार्च

मामा,

नमस्कार. आज आधी जरा खाकरून घेते, घसा बसल्यासारखा झालाय.

मी अगदी मजेत आहे. इथे सर्व ठीक आहे. तुमच्या भागातील परिस्थिती आटोक्यात आहे. कारखाना सुरू झाला तर आईने खुशाल जावं, काळजीचं काही कारण नाही. पाकिटाचं म्हणशील, तर तुला उगाच संशय आला.

टिटवी

१२ मार्च

टिटवे, पोरी,

तुझा घसा बसलाय वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. ताप आहे का? वास येतो का? साबण हुंगून बघ. डॉक्टरला दाखवलंस का, की तिथेही साहेबांची परवानगी लागते? ताईला मी काही सांगितलेलं नाही. पत्र घड्याळामागे लपवलंय. 'मी मजेत आहे' असं तू जन्मात कधी लिहिलं नाहीस, त्यावरून मी ओळखलं की दुखणं मोठं आहे.

कारखान्याचं नंतर बघू. आधी तू स्वतःला सांभाळ. उलट टपाली कळव.

मामा

१६ मार्च (हे पत्र टपालाने पाठवत नाही. माझ्या मैत्रिणीचा भाऊ औषधांची गाडी चालवतो, तो हातात देईल. तूही उत्तर त्याच्याकडेच दे.)

मामा,

काय म्हणू तुला! देवाधर्मापासून दूधवाल्याच्या मापापर्यंत तू सगळ्यावर शंका घेतोस आणि नेमकं ते एक पत्र खरं मानलंस? माझा घसा ठणठणीत आहे. खाकरून घेते असं लिहिलं होतं ना मी? वर पहिल्याच ओळीत? आईने वाचलं असतं तर तिला तिथेच कळलं असतं. आणि तू ते घड्याळामागे लपवून बसलास.

आता नीट ऐक. तुझं पाकिटाचं खरं होतं. पत्रं उघडतात, आणि साहेबांच्या टेबलावरचा फोनही आता बंद केलाय. आवाजाचंही खरं होतं.

सुरुवातीला मी पूर्ण सूचना वाचायचे. मग गावं वाढली, सूचना रोज बदलायला लागल्या, तेव्हा साहेबांनी एक सोय काढली. माझ्याकडून सुटे शब्द म्हणून घेतले. वारांची नावं, भागांची नावं, बंद, खुले, सुरक्षित, आटोक्यात, वाढत आहे, कमी होत आहे. आठ दिवस मी नुसते शब्द म्हणत होते. मलाही सोयीचंच वाटलं, घशाला आराम. आता ते हवी तशी सूचना जोडतात आणि गाडीवर चढवतात. माझ्या आवाजात आज कुठे काय सांगितलं जातंय, ते मला माहीत नसतं. तुमच्याकडे 'आटोक्यात' म्हटलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी तो शब्द म्हटला तेव्हा तो कोणत्याच गावाचा नव्हता.

तुमच्या भागाचं खरं काय ते सांगते. डॉक्टरांचं मंडळ गेल्या आठवड्यात साहेबांकडे येऊन गेलं. दार अर्धं उघडं होतं. त्यातल्या बाई चिडून म्हणत होत्या, "त्या गावात आकडे चढताहेत. कारखाना उघडाल तर तो हॉल आमच्या अंगणात आणून ठेवाल." साहेब म्हणाले, "कारखान्याचे लोक वरपर्यंत जाऊन आलेत. आपलं काम बोलायचं." बाई गेल्या आणि साहेब पेन्सिलीला टोक करत बसले.

म्हणून सांगते, कारखाना उघडला तरी आईला जाऊ देऊ नकोस. माझा आवाज काहीही म्हणाला तरी. भोंग्यावरची मी आता मी नाही. हे पत्र तिला दाखव.

तुझी टिटवी

२० मार्च

टिटवे,

पत्र दाखवलं. ऐकत नाही.

तुझ्या आईने ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाली, "अक्षर तू हुबेहूब उठवलंस." मी म्हणालो, "ताई, मी कशाला उठवू?" तर म्हणाली, "किल्ली उठवतोस, अक्षर उठवायला काय लागतं? आधी म्हणत होतास साथ खोटी. आता म्हणतोस साथ गेली हे खोटं. तुझं एक काय ते ठरव, शंकासुरा." मी खाकरण्याचं ते पत्र काढून दाखवायला गेलो, तर म्हणाली, "मला भिववायला अजून किती लिहिलीस?" लांडगा आला, लांडगा आला म्हणून मी जन्मभर ओरडलो, आता खरा आलाय तर माझंच माणूस दार उघडायला निघालंय. रडू आलं गं मला. तिच्यासमोर नाही, परसात जाऊन.

शेवटी म्हणाली काय, "तिला काही सांगायचं असेल तर ती सांगेल. सरकारने तिला एवढा मोठा भोंगा दिलाय, तिला तुझ्या चिठ्ठ्यांची काय गरज?"

कारखाना बहुतेक पुढच्या सोमवारी उघडेल. पायऱ्या चढताना तिला दोनदा थांबावं लागतं, पण चेहऱ्यावर लग्नघरासारखा उजेड आहे. मी दाराला कुलूप घालीन म्हणालो. "घाल," म्हणाली, "तुझ्याच दुकानातल्या आकड्याने उघडीन."

काय करू, तूच सांग.

मामा

२९ मार्च

टिटवे,

काय केलंस गं हे!

शनिवारी संध्याकाळी गाडी आली. ताई खिडकीत, मी तिच्या मागे. भोंगा खरखरला आणि त्यातून आधी खाकरण्याचा आवाज आला. चांगला मोठा, घसा साफ केल्यासारखा, अख्ख्या रस्त्यावर. मग तू म्हणालीस, "सोमवारपासून बाटल्यांचा कारखाना सर्व पाळ्यांत सुरू होत आहे. सर्व कामगारांनी निर्धास्तपणे कामावर हजर राहावे."

मी म्हणालो, "बघ, पोरीला खोकला झालाय! मी म्हणत होतो." ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "खोकला नाही रे, खुळ्या. पोरगी दारात उभी आहे."

खिडकी लावली. एप्रन खुंटीवरून काढून घडी घालून पेटीत टाकला. मग तोंडाला पदर गुंडाळून बाहेर पडली आणि पॅकिंगच्या एकेका बाईच्या खिडकीखाली उभी राहून सांगत सुटली. रस्त्यात बसून दम घेतला, पण एक खिडकी सोडली नाही. बायकांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाली, "माझ्या मुलीनेच सांगितलं. तुम्ही ऐकलंत ना?"

ज्यांना ती भेटली नाही त्यांचंही काम झालंच. "सरकारलाच खोकला झालाय, आधी त्याला घरात बसवा," असं चहाच्या बंद टपरीसमोर पोरं बोलत होती. काल सोमवार. सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला, परत वाजला, गेटवाला रस्त्याकडे बघत उभा. मुकादम, ऑफिसातले दोघे आणि नवीन लागलेली चार पोरं, एवढीच आत गेली. पॅकिंगचा हॉल तर उघडलाच नाही.

मी सगळ्यावर शंका घेत जगलो आणि खरी खूण ऐकली तेव्हा मला खोकला वाटला. ताई आता ही गोष्ट मी मरेपर्यंत सांगणार.

पण तुझं काय? तुला काही केलं नाही ना त्यांनी?

मामा

६ एप्रिल

मामा,

मी बरी आहे. घाबरू नकोस.

कसं झालं ते सांगते. त्या सूचनेत 'निर्धास्तपणे' हा शब्द हवा होता. माझ्या सुट्या शब्दांत तो नव्हता, कुणाला सुचलाच नव्हता. जोडाजोड करायला वेळ नव्हता, म्हणून पूर्ण सूचनाच वाचायला मला बोलावलं. गाड्या खाली इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. मी माइकसमोर उभी राहिले आणि तुझ्या पत्रातलं आईचं वाक्य आठवलं, एवढा मोठा भोंगा दिलाय. मग खाकरले आणि सगळं एका दमात वाचून काढलं.

रेकॉर्डिंगवाल्याने काचेतून माझ्याकडे बघितलं. त्याचे कान तिखट, त्याला तो नुसता घसा नव्हता हे कळलं असणार. त्याने साहेबांना विचारलं, "परत घेऊ का?" साहेबांचं बोट कागदावर होतं, ते एकेक शब्द पेन्सिलीने टिपत होते. सगळे शब्द बरोबर होते. खाकरणं कागदावर नव्हतं. "काय घ्यायचंय परत? पाठवा," म्हणाले. रेकॉर्डिंगवाल्याने कात्री लावली नाही. मला वाटतं, त्याचीही आई कुठेतरी खिडकीत उभी असेल.

मंगळवारी सगळं बाहेर आलं. घबराट पसरवली म्हणून माझी चौकशी लावलीय. मी सांगितलं, खोकला आला, माणूस आहे. त्यांचा विश्वास नाही. घरच्यांना काही खूण होती का, हे विचारायला माणसं तुमच्याकडे येतील, असं रेकॉर्डिंगवाला हळूच सांगून गेला. मला कामावरून काढलंय, उद्या खोली सोडून मैत्रिणीकडे जाते, उत्तर तिच्या भावाकडेच दे. माझे शब्द मात्र त्यांनी ठेवून घेतलेत. मी इथून गेले तरी 'आटोक्यात' इथेच राहणार.

घरी यावंसं फार वाटतं. पण माझ्यामागे चौकशी दारात आली तर आईला त्रास होईल. खोटं बोलायला लागेल तिला, या वयात. तू सांगशील तसं करते.

टिटवी

११ एप्रिल

टिटवे,

हे मी लिहितेय, तुझी आई. मला पत्र लिहिता येत नाही असं नाही. तुझा मामा लिहायला बसला की मला कागद उरत नाही, एवढंच.

मुकादमाला गुरुवारी हॉस्पिटलात नेलं. कारखाना परत बंद. पॅकिंगच्या सगळ्या बायका धडधाकट आहेत. तुझं नाव काढतात. मी म्हणते, माझी मुलगी.

तुझ्या ऑफिसातून दोघे जण काल येऊन गेले. मामा आतल्या खोलीत पलंगाखाली शिरायच्या बेतात होता. मी दार उघडलं आणि आधी चांगली खाकरले. दोघेही एकदम रस्त्याच्या पलीकडे. मग सांगितलं, मुलगी बोलायची ती तुमच्या साहेबांसमोर, खुणा कसल्या नि काय कसलं. तिथूनच लिहून घेतलं त्यांनी आणि गेले. या वयात खोटं बोलायला लागेल म्हणतेस, अगं शिकवलं कोणी तुला?

तू ये. मागची खोली झाडून ठेवलीय. आल्यावर आधी तिथे वेगळं राहायचं, जेवण दाराशी ठेवीन. हे तूच भोंग्यावर सांगितलंस आणि ते खरं होतं, म्हणून पाळायचं.

ती माणसं परत आली तर मी परत खाकरेन आणि सांगेन, मुलगी घरी नाही. तू फक्त आत बसून हसू नकोस. तुझा आवाज आता अख्खं गाव ओळखतं.

आई